शस्त्रवैद्य लिस्टर व त्याची परीक्षाबुद्धि

रुग्णालयांत शस्त्रक्रियेसाठीं मेजावर निजणारा मनुष्य एक गोष्ट न विचारतां धरून चालतो. ती ही कीं, शस्त्रवैद्याच्या हातांतील चाकू, चिमटा, दोरा व पट्टी हीं सर्व शुद्ध केलेलीं आहेत. या विश्वासाचें वय फार नाहीं. इ. स. १८६५ पर्यंत लंडन, पॅरिस, व्हिएन्ना या विद्येच्या माहेरघरींही तो बाळगण्यास कांहीं आधार नव्हता. शस्त्रवैद्य रक्तानें कडक झालेला जुना कोट अंगांत चढवून कापावयास उभा राही. धमन्या बांधण्याचे दोरे त्याच कोटाच्या काजास लोंबत असत. एका रोग्याच्या जखमेंतून निघालेली सळई पुसून दुसऱ्याच्या जखमेंत जाई. जखमेंत दाट पांढरा पू धरला म्हणजे ती बरी होण्याच्या मार्गास लागली असें मोठमोठे पंडित समजत. हाड मोडून कातडींतून बाहेर आलें कीं पाय कापावयाचा, आणि पाय कापला कीं रोगी जगेल किंवा न जगेल, अशी स्थिति होती.

ही स्थिति ज्यानें पालटली त्या जोसेफ लिस्टरचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. त्याची कीर्ति सर्वत्र आहे. ती वाढविण्याची आम्हांस गरज नाहीं. परंतु कोर्टांत साक्षी ऐकतां ऐकतां आमचीं वीस वर्षें गेलीं, आणि आपल्याच जबानींतील चूक कोणी न विचारतां दुरुस्त करणारा साक्षीदार या अवधींत आम्हांस बोटांवर मोजण्याइतकाच भेटला. लिस्टर त्या दुर्मिळ जातीचा होता. त्यानें साधनें काढलीं, तीं स्वतः तपासलीं, आणि जीं कसास उतरलीं नाहींत तीं, त्यांवर आपलें नांव कोरलेलें असतांही, टाकून दिलीं.

लिस्टरचा जन्म ५ एप्रिल १८२७ रोजीं लंडननजीक अप्टन येथें क्वेकर पंथाच्या कुटुंबांत झाला. बाप द्राक्षाच्या दारूचा व्यापारी. साधी राहणी व कडक नीति यांविषयीं प्रसिद्ध असलेल्या पंथांत हा धंदा कसा चाले हें त्या पंथानेंच सांगावें! परंतु या व्यापाऱ्याची गोष्ट आमच्या व्यापारी वाचकांनीं ध्यानांत घेण्यासारखी आहे. दुकान सांभाळून उरलेल्या वेळांत तो कांचा घाशी. त्या काळच्या सूक्ष्मदर्शक यंत्रांत मोठा दोष असा होता कीं, वस्तूच्या कडांना रंगीत झालर दिसे व आकृति धूसर होई. दोन जातींच्या कांचा जोडून केलेलीं भिंगें परस्परांपासून नेमक्या अंतरावर ठेवल्यास एकाचा दोष दुसऱ्यानें कसा भरून निघतो, हें या गृहस्थानें गणितानें व हातानें सिद्ध केलें. त्याचा निबंध १८३० सालीं रॉयल सोसायटीपुढें आला आणि दोन वर्षांनीं सोसायटीनें त्यास सभासद करून घेतलें. लिस्टरच्या हातीं पुढें जें यंत्र आलें तें असें घरचेंच वतन होतें.

क्वेकरांच्या मुलांस त्या वेळीं ऑक्सफर्ड व केंब्रिज येथें पदवी मिळत नसे, कारण तेथें राजमान्य चर्चचे सिद्धांत मान्य असल्याची सही करावी लागे. इंग्रजांच्या देशांत इंग्रजाच्याच मुलाला धर्मामुळें विद्येचें दार बंद, हें आमच्या इकडील कित्येक इंग्रजभक्तांस ठाऊक नसावें. लिस्टर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत शिकला. तेथें धर्म विचारीत नसत. १८४७ सालीं तो बी. ए. झाला व १८५२ सालीं वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडला. तो विद्यार्थी असतांना, १८४६ च्या डिसेंबरांत, त्याच कॉलेजच्या रुग्णालयांत लिस्टन नामक शस्त्रवैद्यानें ईथरची भूल देऊन पाय कापला. भुलीनें वेदना गेल्या, शस्त्रवैद्य धीट झाले, पूर्वीं कोणी हात लावीत नसे अशा ठिकाणीं चाकू चालूं लागला. आणि तितक्याच प्रमाणांत जखमा कुजून माणसें अधिक मरूं लागलीं.

१८५३ सालीं लिस्टर एडिंबरोस साइम या नामांकित शस्त्रवैद्यापाशीं गेला. थोड्या दिवसांच्या भेटीसाठीं म्हणून गेला तो तेथेंच राहिला आणि १८५६ सालीं साइमची कन्या अ‍ॅग्नेस हिच्याशीं विवाहबद्ध झाला. या विवाहासाठीं त्यास आपला पंथ सोडावा लागला. अ‍ॅग्नेस घर सांभाळून नवऱ्याच्या प्रयोगांतही त्याच्या शेजारीं बसे, मोजमाप करी व टिपणें लिही. १८६० सालीं लिस्टर ग्लासगो येथें शस्त्रविद्येचा प्राध्यापक झाला व पुढच्या वर्षीं तेथील मोठ्या रुग्णालयाचे कांहीं विभाग त्याच्याकडे आले.

हें रुग्णालय नवें, हवेशीर व खर्च करून बांधलेलें होतें. पण त्यांत माणसें जुन्या रुग्णालयांइतकींच मरत. त्याच्या एका भिंतीलगत थोडीशी माती उकरतांच १८४९ च्या पटकींत मेलेल्यांच्या शवपेट्या एकावर एक रचलेल्या सांपडल्या. लिस्टरनें पुढें हें छापून प्रसिद्ध केलें, तेव्हां व्यवस्थापक मंडळी त्याजवर भारी रुष्ट झाली. म्युनिसिपालिटीच्या कारभाराविषयीं लिहिणाऱ्या आम्हां पत्रकारांस या रोषाचें नवल वाटत नाहीं.

जखम कां कुजते? त्या वेळचे पंडित म्हणत कीं, दूषित हवेनें. १८६५ च्या सुमारास ग्लासगोंतील रसायनशास्त्राचा प्राध्यापक अँडरसन यानें लिस्टरचें लक्ष पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या लेखांकडे वेधलें. दूध नासणें, द्राक्षरस आंबणें, मांस कुजणें हीं हवेचीं कृत्यें नसून हवेंतून व धुळींतून येणाऱ्या सूक्ष्म जीवांचीं आहेत, असें पाश्चरचें प्रतिपादन होतें. लिस्टरनें तें केवळ वाचून मानलें नाहीं. चार कुप्यांत मूत्र घालून त्यानें तें उकळलें. तीन कुप्यांच्या माना तापवून बारीक व वांकड्या केल्या, चौथीची सरळ ठेवली. चौहोंत हवा जात होती. परंतु वांकड्या मानेंत धूळ अडकून राही. सरळ मानेच्या कुपींतील द्रव कुजला, इतर तीन कुप्या वर्षानुवर्षें स्वच्छ राहिल्या. १८६९ सालीं ग्लासगो सोडून एडिंबरोस जातांना त्यानें त्या तान्ह्या मुलाप्रमाणें सांभाळून बरोबर नेल्या. फिर्याद हवेवर होती. पुरावा धुळीवर निघाला.

जंतु मारण्यास काय वापरावें? कार्लाइल गांवच्या सांडपाण्यांत कार्बोलिक आम्ल घातल्यानें दुर्गंधि गेली, हें त्याच्या वाचनांत आलें होतें. मार्च १८६५ मधील त्याचा पहिला प्रयत्न फसला. १२ ऑगस्ट रोजीं अकरा वर्षांचा एक मुलगा गाडीचें चाक अंगावरून जाऊन पाय मोडलेल्या स्थितींत आला. हाड मोडून जखम बाहेर उघडी होती. लिस्टरनें कार्बोलिकांत भिजविलेली पट्टी लावली व वरून कथलाचा पातळ पत्रा घातला. चार दिवसांनीं पट्टी सोडली तेव्हां कुजल्याचा वास नव्हता. सहा आठवड्यांत मुलगा दोन्ही पायांवर घरीं गेला. १८६७ सालीं लिस्टरनें लॅन्सेट पत्रांत अशा अकरा रोग्यांची हकीकत दिली. नऊ बरे झाले, एकाचा पाय गेला, एक मेला. गेलेला पाय व मेलेला रोगी यांची हकीकतही बऱ्या झालेल्यांच्या शेजारींच छापली आहे, याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधतों. अवयव कापण्याच्या शस्त्रक्रियांचा जमाखर्च त्यानें पुढें मांडला, तो असा : नव्या रीतीपूर्वीं ३५ रोग्यांत १६ मेले, नव्या रीतीनंतर, १८६७ ते १८६९ या काळांत, ४० रोग्यांत ६.

यावर गहजब झाला नसता तरच नवल. क्लोरोफॉर्मच्या शोधानें विख्यात झालेला सिम्सन हा एडिंबरोचा मोठा वैद्य. धमनी दोऱ्यानें न बांधतां सुईनें दाबून रक्त थांबविण्याची त्याची स्वतःची युक्ति होती व लिस्टरच्या रीतीनें ती मागें पडणार होती. त्यानें टोपण नांवानें वर्तमानपत्रांत लिहिलें कीं, कार्बोलिकचा उपयोग फ्रान्सांत लमेर यानें आधींच लिहून ठेवला आहे. लिस्टरनें लमेरचा ग्रंथ मिळवून वाचला आणि उत्तर दिलें कीं, कार्बोलिक प्रथम वापरल्याचा दावा मीं केलेलाच नाहीं. जखमेंत जंतु शिरूं न देण्याची जी पद्धति मीं बसविली ती या ग्रंथांत नाहीं. दावा किती व कशाचा, हें इतकें नेमकें ठेवणारा पक्षकार वकिलास मिळाला तर त्याचें अर्धें काम झालें.

कार्बोलिकनें कातडी भाजे. म्हणून त्याची तीव्रता कमी करण्याची खटपट सुरू झाली व ती त्याच्या कर्तृत्वाच्या अखेरीपर्यंत चालली. प्रथम त्यानें खडूची पूड, जवसाचें तेल व कार्बोलिक यांचें, तावदानें बसविण्याच्या लुकणासारखें, लुकण करून पाहिलें. मग कार्बोलिक लाखेंत कालवून तें कापडावर थापलें. ही लाख म्हणजे आमच्याच देशांतील झाडांवर होणारी आणि येथून विलायतेस जाणारी. पुढें १८७१ च्या सुमारास राळ, मेण व कार्बोलिक यांत बुडविलेली विरळ विणीची मलमल आली. तिच्या आठ घड्या करून वरच्या दोन घड्यांमध्यें मेणकापड घालीत, म्हणजे स्राव थेट बाहेर न फुटतां सर्व पट्टींतून फिरून मग कडेशीं येई. १८८९ सालीं पारा व जस्त यांच्या क्षाराची मलमल काढून त्यानें कार्बोलिकची मलमलही मागें टाकली.

दोऱ्याची कथा आम्हांस सर्वांत मनोरम वाटते. धमनी रेशमाच्या दोऱ्यानें बांधून त्याचीं टोंकें जखमेबाहेर लांब सोडीत. दोरा आंतून कुजून सुटेपर्यंत जखम भरत नसे, आणि सुटतांना कित्येकदां रक्ताचा लोट फुटे. लिस्टरनें शुद्ध केलेल्या रेशमाचीं टोंकें आंतच कापून टाकलीं. प्रथम घोड्यावर व मग एका बाईवर हा प्रयोग साधला. ती बाई कांहीं महिन्यांनीं दुसऱ्याच विकारानें वारली. त्यानें दोऱ्याची जागा उघडून पाहिली, तों रेशमाभोंवतीं पुवासारखा एक ठिपका दिसला. रोगी बरा झाला होता, जग समाधानी होतें. पण लिस्टरचें समाधान त्या ठिपक्यानें गेलें. अंगांत विरून जाईल असा दोरा हवा म्हणून त्यानें मेंढीच्या आंतड्याची तांत घेतली. पिंजाऱ्याच्या धनुकलीस असते तीच जात. १८६८ च्या अखेरीस त्यानें एका वासराची मानेंतील धमनी कार्बोलिकांत मुरविलेल्या तांतीनें बांधली. महिन्यानें वासरूं मारून पाहिलें, तों तांत जागच्या जागीं दिसली व त्याची निराशा झाली. परंतु नीट तपासतां ती तांत नव्हती. तिच्या जागीं शरीरानें त्याच आकाराचा जिवंत मांसतंतु विणला होता.

तरी तांत ओली झाली कीं बुळबुळीत होऊन गांठ सरकते, हा दोष राहिलाच. लोणचें मुरवावें तशी ती तेल, पाणी व कार्बोलिक यांत पुष्कळ दिवस मुरवून पाहणें, मग क्रोमिक आम्लानें कमावून पाहणें, किती दिवसांत विरते तें मोजणें, असें हें काम वर्षानुवर्षें चाललें. वासराच्या प्रयोगानंतर बारा वर्षांनीं, १८८१ सालीं, तो लंडनच्या वैद्यांपुढें याच तांतीवर व्याख्यान देत होता.

त्याच्या नांवानें ओळखलीं जाणारीं हत्यारें याच स्वभावाचीं आहेत. अरुंद भोंकांतून आंत जाऊन पुवाची पोकळी उघडणारा लांब निमुळता चिमटा; कानांत अडकलेला खडा ओढण्याची आंकडी; पोटावरून मोठी धमनी दाबून धरण्याचा फिरकीचा दाब. यांत दिपवून टाकणारें कांहींच नाहीं. हाताला कोठें अडतें तें पाहून प्रत्येक वस्तु घडविलेली आहे. १८७१ सालीं राणी व्हिक्टोरियेच्या कांखेंत गळूं झालें. लिस्टरनें तें बाल्मोरल येथें कापलें, पण पू नीट वाहीना. तेव्हां त्यानें आपल्याच तुषारयंत्राच्या रबरी नळीचा एक तुकडा कापून, रात्रभर कार्बोलिकांत ठेवून, जखमेंत बसविला व काम भागविलें.

हें तुषारयंत्र म्हणजे कार्बोलिकच्या पाण्याचा बारीक फवारा सोडणारें साधन. हवेंतील जंतु जखमेवर पडूं नयेत म्हणून १८७१ पासून प्रत्येक शस्त्रक्रियेच्या वेळीं तें चाले. प्रथम तें हातानें हलवीत, पुढें वाफेवर चालूं लागलें. वैद्यांच्या हातांची कातडी बधिर होई, श्वास कोंडे. तथापि युरोपभर तुषार म्हणजेच लिस्टरची पद्धति असा लौकिक झाला. म्युनिकच्या रुग्णालयांत जखमांचा कोथ दीर्घकाळ माजला होता. १८७५ सालीं नुसबॉम यानें लिस्टरची रीत स्वीकारली व तो नाहींसा झाला. त्या वर्षीं लिस्टर जर्मनींत गेला तेव्हां त्याचा सत्कार राजासारखा झाला. लंडन मात्र अजून खांदे उडवीत होतें.

१८७७ सालीं तो लंडनच्या किंग्ज कॉलेजांत आला. तेथें ऑक्टोबरांत एका रोग्याचा फुटलेला गुडघ्याचा डोळा त्यानें सांधा उघडून चांदीच्या तारेनें शिवला. धडधाकट सांधा उघडणें म्हणजे त्या काळीं जाणूनबुजून मृत्यूस बोलावणें. रोगी दगावल्यास या माणसावर खटला भरावा, असें एका शस्त्रवैद्यानें बोलून दाखविल्याची आठवण नमूद आहे. रोगी बरा झाला, व खटला टळला.

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यानें दुधावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. दूध आंबतें तें एका विशिष्ट जंतूमुळें कीं दुधांतीलच एखाद्या द्रव्यामुळें, हा वाद होता. जंतु डोळ्यांस दिसत नाहीं, मग तो एकटा वेगळा कसा काढावा? लिस्टरनें आंबलेल्या दुधाच्या ठराविक मापाच्या थेंबांत किती जंतु आहेत तें सूक्ष्मदर्शकाखालीं मोजलें. मग उकळलेलें पाणी घालून तें इतकें पातळ केलें कीं, हिशेबानें एका थेंबांत सरासरीनें एकच जंतु यावा. फिरकी फिरवून अत्यंत बारीक थेंब मोजून देणारी पिचकारी त्यानें यासाठीं वापरली. असा एकेक थेंब उकळलेल्या दुधाच्या निरनिराळ्या पेल्यांत टाकला. कांहीं पेल्यांतील दूध आंबलें, कांहींतील जसेंच्या तसें राहिलें. आंबविणारें द्रव्य विरघळलेलें असतें तर तें पाण्यांत सारखें पसरून सर्वच पेले आंबले असते. ज्याच्या वांट्यास जंतु आला तोच आंबला. अर्थात् कारण हें कणरूप व सजीव. जंतूंपैकीं एकच जात शुद्ध स्वरूपांत वेगळी काढण्याचें हें अगदीं आरंभीचें उदाहरण होय. वेचून मोजण्याइतकें पातळ करण्याची ही युक्ति प्रयोगशाळांतून पुढें रूढ झाली.

जी मोजदाद त्यानें दुधाची केली तीच शेवटीं त्याच्या तुषारावर उलटली. १८८० सालीं जर्मनींत ब्रुन्स यानें तुषार काढून टाका असें स्पष्ट लिहिलें. लिस्टर रागावला नाहीं. हवेंतील धूळ व तिचा रक्तावरील परिणाम तो तपासूं लागला. त्यास दिसून आलें कीं, भय हवेपेक्षां हातांचें, हत्यारांचें व रोग्याच्या कातडीचें आहे. १८८७ सालीं त्यानें तुषार बंद केला. १८९० सालीं बर्लिन येथील सर्वराष्ट्रीय वैद्यक परिषदेंत, ज्या जर्मनांनीं त्यास डोक्यावर घेतलें होतें त्यांच्याच समोर उभा राहून, हवेंतील जंतु मारण्यासाठीं आपण हें साधन कधीं काळीं सुचविलें याची आपणांस लाज वाटते, अशा आशयाची कबुली त्यानें दिली. तेव्हां तो त्रेसष्ट वर्षांचा होता.

येथें आमच्या स्वदेशाभिमानी मित्रांशीं दोन शब्द बोलणें भाग आहे. सुश्रुतानें १०१ यंत्रें व २० शस्त्रें सांगितलीं, शिष्यांनीं कोहळ्या-भोपळ्यावर छेद घेण्याचा सराव करावा असें लिहिलें. याचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु १०२ वें यंत्र आमच्याकडे कोणी घडविलें, आणि १०१ पैकीं कोणतें निरुपयोगी ठरून टाकलें गेलें? सुश्रुत स्वतः यंत्रें तपासणारा होता. त्याच्या नांवानें तपासणी बंद करणारे आम्ही. उलट, विलायतेंतून आलें म्हणून डोळे मिटून मानणें हाही त्याच आळसाचा दुसरा अवतार होय. पंजाबांतील मल्कोवाल गांवीं ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं मुंबईच्या प्लेग प्रयोगशाळेंत तयार झालेली लस १०७ जणांस पांच बाटल्यांतून टोचली. एकाच बाटलींतील १९ जण धनुर्वातानें मेले, बाकीचे सुखरूप राहिले. लसींत कार्बोलिक घालण्याचें प्रयोगशाळेचा प्रमुख हाफकिन यानें सोडलें म्हणून चौकशींत दोष त्याच्या माथीं आला. परंतु त्या बाटलीचें बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता व तो ज्योतींतून न काढतां कार्बोलिकांत नुसता बुचकळून वापरला, हें पुराव्यांतच होतें. रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं तो पुरावा पुन्हां उकलल्यावर १९०७ सालीं हाफकिन दोषमुक्त झाला. कार्बोलिकच्या नांवावर विसंबून चिमट्याकडे न पाहणाऱ्यांनीं लिस्टरची बाटली घेतली, त्याची रीत घेतली नाहीं.

लिस्टर सर्वज्ञ नव्हता. वाफेनें हत्यारें शुद्ध करण्याची जर्मन पद्धति पुढें गेली तरी तो रासायनिक धुण्यालाच चिकटून राहिला. आणि ज्या एडिंबरोंत स्त्रियांनीं वैद्यकाच्या शिक्षणासाठीं झगडा केला तेथें तो त्यांच्या विरोधकांत होता. घरांत स्त्रीच्या हातून शास्त्राचें काम रोज होत असतां हा विरोध त्यास सुचावा, याचें आम्हांस सखेद आश्चर्य वाटतें.

मानसन्मान पुष्कळ आले. १८८३ सालीं बॅरोनेट, १८९७ सालीं लॉर्ड, १८९५ ते १९०० रॉयल सोसायटीचा अध्यक्ष. १८९२ च्या डिसेंबरांत पाश्चरच्या सत्तराव्या वाढदिवशीं पॅरिसच्या सभेंत त्या दोघांनीं एकमेकांस आलिंगन दिलें. पुढच्याच वर्षीं इटलींत प्रवासांत असतां अ‍ॅग्नेस फुप्फुसाच्या विकारानें वारली, मूलबाळ नव्हतें. तेथून त्याची प्रयोगांची हौस ओसरली. १० फेब्रुवारी १९१२ रोजीं वॉल्मर येथें तो मरण पावला. राजेरजवाड्यांच्या शेजारीं वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेंत त्यास जागा देऊं केली होती. परंतु त्याच्या इच्छेप्रमाणें त्यास हॅम्पस्टेडच्या स्मशानांत अ‍ॅग्नेसजवळ पुरलें. त्याच्या प्रयोगांच्या वह्या लंडनच्या शस्त्रवैद्यांच्या रॉयल कॉलेजांत जपून ठेविल्या आहेत. त्यांतील पुष्कळ पानें तिच्या अक्षरांत आहेत.